पंगतीतली सुई

आमच्या बसवकल्याणात लग्नाची पंगत वेळेवर बसली, असे मी तरी पाहिलेले नाही. पत्रिकेत मुहूर्त साडेबाराचा असतो. अक्षता पडेपर्यंत दीड वाजतो. मग आहेर, मग सत्कार. त्यात एका बाजूचे पाहुणे कन्नडात आभार मानणार आणि दुसऱ्या बाजूचे मराठीत. हुग्गीचे पातेले मांडवात येईतो अडीच झालेले असतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका लग्नात आमचे दाजी बसल्याजागी घामाने भिजले. हात थरथरू लागले, जीभ जड झाली, विचारलेल्याचे उत्तर भलतेच येऊ लागले. मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालेही, "दुपारीच घेऊन आलेत वाटतं!" दाजींनी घेतले होते हे खरे, पण ते इन्सुलिन. चारचौघांत सुई काढायला नको म्हणून बारा वाजता घरीच, न्हाणीघराचे दार लावून, टोचून घेऊन ते निघाले होते. औषधाने आपले काम चोख केले, अन्न मात्र अडीच तास लांब राहिले.

शेजारी एक कन्नड आजी बसल्या होत्या. त्यांच्या घरात हेच दुखणे. त्यांनी लक्षण ओळखले आणि सरबताचा पेला दाजींच्या तोंडाला लावला. पंधराएक मिनिटांनी दाजी सावरले तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या, "सूजी इल्ले तगोरी. नाचिकी याक्री?" सुई इथेच घ्यावी, लाज कसली?

आजींचा प्रश्न साधा होता, पण तो माझ्या मनातून जाईना. लाज कसली, आणि मुळात ती आली कुठून? थोडे जुने धागे उलगडून पाहिले तेव्हा ध्यानात आले, की या लाजेलाही इतिहास आहे.

दुखणे आपल्याला नवे नाही. मधुमेही माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे चरकसंहितेने केव्हाच नोंदवून ठेवले आहे. खाण्यापिण्याची चैन तर आमच्या गावाच्या पाचवीलाच पुजलेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात इडली, वडे, मांडे, पोळ्या असे कितीतरी पदार्थ सापडतात, आणि गाण्याच्या प्रकरणात चक्क मराठी पदांचे नमुनेही. राजा कन्नड, ग्रंथ संस्कृत, गाणे मराठी. आपल्या सीमाभागाचा स्वभाव नऊशे वर्षांचा आहे तो असा. आजही या दुखण्याला आपण मराठीत 'शुगर' म्हणतो, कन्नडात 'सक्करी ब्यानी' आणि दख्खनीत 'शक्कर की बीमारी'. सुई मात्र तिन्ही भाषांत जवळजवळ एकच.

ही सुई जगात आली ११ जानेवारी १९२२ रोजी. कॅनडातल्या टोरांटो शहरी लेनर्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलाला प्राण्याच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. पहिला अर्क अशुद्ध निघाला. २३ जानेवारीला कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क दिला, आणि मुलाची साखर उतरली. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांच्या शोधाला आलेले हे फळ. पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला नाममात्र डॉलरच्या मोबदल्यात देऊन टाकण्यात आले. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. त्या वेळी आमचे गाव निजामाच्या राज्यातले 'कल्याणी' होते. 'बसवकल्याण' हे नाव अजून लांब होते.

औषध आले आणि त्यामागोमाग लपवालपवीही आली. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. इन्सुलिनपूर्वी या मुलांना जगवण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे जवळजवळ उपाशी ठेवणे. ऑगस्ट १९२२ मध्ये ती बँटिंगकडे पोहोचली तेव्हा पंधरावे वर्ष पुरे होत आलेल्या त्या मुलीचे वजन जेमतेम २० किलो होते. इन्सुलिनने ती उभी राहिली, शिकली, तिचे लग्न झाले, मुले झाली. १९८१ साली वयाच्या ७३ व्या वर्षी ती वारली. तोवर तिने सुमारे ४२,००० इंजेक्शने घेतली असावीत असा हिशेब मांडला गेला आहे. पण तिने हे सारे आयुष्यभर झाकून ठेवले. वडिलांच्या कागदपत्रांतून आपल्या आजाराचे उल्लेखसुद्धा तिने काढून टाकले. जिचा वाचलेला जीव हा शतकातला मोठा चमत्कार, तिलाच तो चमत्कार सांगायची चोरी झाली.

तिला दोष देऊ नये. त्या काळची सुई लपवण्यासारखीच होती. काचेची सिरिंज, जाड सुया, स्पिरिटची बाटली. प्रत्येक वेळी पाण्यात उकळायचे आणि बोथट झालेली सुई दगडावर घासून पुन्हा धारदार करायची. हा संसार घेऊन कोण पंगतीला बसणार? त्यातच १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी सावकाश काम करणारे इन्सुलिन तयार केले. पुढे पुष्कळांचे दिवसाकाठी एका सुईवर भागू लागले. सोय मोठी झाली, पण तिचा दुसरा परिणाम असा की सुई घरात कोंडली गेली. सकाळी दार लावून एकदा टोचून घ्यायचे, की दिवसभर कुणाला पत्ता नाही. दाजींचे बंद न्हाणीघर हे त्या काळाचे उरलेले घर आहे.

आपल्याकडे आणखी दोन गाठी पडल्या. इन्सुलिन गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून निघे. ज्या घरात हे कळले तिथे ते बोलायचे नाही असे ठरले; हिंदू घराला एक अडचण, मुसलमान घराला दुसरी. दुसरी गाठ लग्नाची. मुलीला सुई लागते हे बाहेर कळले तर स्थळ येणार नाही, या धास्तीने किती आयांनी शाळेच्या डब्याबरोबर खोटे बोलणेही बांधून दिले असेल! 'सुईवर गेला' म्हणजे संपलाच, ही समजूत त्याहून वाईट. तिच्या पायी लोक सुई लांबवतात, आणि मग मूत्रपिंड बिघडल्यावर सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठतात.

उलट बाजूनेही माणसे उभी होती. रॉबिन लॉरेन्स हा लंडनचा डॉक्टर स्वतःच मधुमेही होता. १९२३ मध्ये वेळेवर इन्सुलिन मिळाले म्हणून तो वाचला. त्याने आपले दुखणे झाकले नाही, आयुष्यभर मधुमेह्यांवरच उपचार केले. त्याचा एक रुग्ण प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स. या दोघांनी १९३४ मध्ये मधुमेह्यांची संघटना उभी केली. मुंबईत डॉ. आजगावकरांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. दुखणेकरी एकत्र बसले की निम्मी लाज तिथेच गळते, हे या माणसांनी ओळखले होते.

मग एकेक कारण गळत गेले. १९८२ मध्ये जंतूंकरवी बनवलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत मान्य झाले आणि प्राण्यांचा प्रश्न सुटू लागला. आपल्या देशात वोखार्टने २००३ मध्ये आणि बंगळूरच्या बायोकॉनने २००४ मध्ये ते बाजारात आणले. १९८५ मध्ये खिशाला लावता येईल असे इन्सुलिनचे पेन निघाले. आज त्याची सुई अवघी चार मिलिमीटरचीही मिळते. बाभळीचा काटा तिच्यापुढे भाला वाटावा.

सगळ्यांत मोठा निकाल आला १९९३ मध्ये. अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांना वर्षानुवर्षे तपासून सिद्ध झाले, की दिवसातून तीन किंवा अधिक वेळा इन्सुलिन घेऊन साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी पुष्कळ टळते. म्हणजे ज्यांना प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन लागते त्यांची सुई जेवणाच्या पानाशी आली. माणूस जिथे जेवणार तिथेच ती निघणार: लग्नात, गाडीत, कचेरीत, शाळेत. शास्त्राने सुईला घराबाहेर काढले, आपण मात्र तिला अजून दाराआड ढकलतो आहोत.

बाहेरच्या नजरेचा त्रास मोठमोठ्यांनाही चुकला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर वयाच्या सातव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहेत. एका उपाहारगृहाच्या प्रसाधनगृहात त्या सुई घेत असताना एका बाईने पाहिले आणि बाहेर येऊन सोबतच्यांना सांगितले, ही नशा करते. सोटोमेयर यांनी तिला तिथेच गाठून समजावले, की हे माझे औषध आहे आणि याच्यावर मी जगते. ही हकिगत त्यांनी स्वतःच लिहिली आहे. गंमत पाहा: ती सुई त्यांनी लपूनच घेतली होती. संशय येतो तो पुष्कळदा लपवण्यामुळेच. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे २०१८ मध्ये दंडावर साखर मोजणारी चकती उघडी ठेवून समारंभाला गेल्या, ते छायाचित्र जगभर पोहोचले. वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह निघाला. त्यानंतरही तो कितीतरी वर्षे खेळला, आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला ५०० वा बळी घेतला.

शाळांचेही पाऊल पडते आहे. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या सूचनेवरून २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने शाळांना कळवले, की मधुमेही मुलांना वर्गात साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मध्येच खाण्याची मुभा द्यावी. आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी सरकारी कागदाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कुणाला आडोसा हवा असेल तर तो त्याचा हक्क आहे. त्याला कोठीची स्वच्छ खोली द्यावी, मोरी दाखवू नये. पण जो पानावर बसून सुई काढतो त्याच्याकडे टक लावून पाहू नये, की "अरेरे, इतकं वाढलं का?" म्हणू नये. यजमानाने पान केव्हा वाढणार ते खरेखरे सांगावे; इन्सुलिन किती वेळ आधी घ्यायचे हे त्याच्या प्रकारावर असते, आणि ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरने सांगितलेले असते. कुणी घामाघूम होऊन बरळू लागला तर तोंड हुंगण्याआधी शुद्धीवर आहे ना ते पाहून तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. वापरलेली सुई पत्रावळीबरोबर उकिरड्यावर टाकू नये, झाकणाच्या डब्यात ठेवावी. तिथे गुरे फिरतात, पोरे खेळतात.

बाराव्या शतकात याच कल्याणात हरळय्या चांभार आणि माचय्या परीट आपापल्या कामाची लाज न धरता शरणांच्या मेळ्यात बसले. हातातल्या कामाला लाज नाही, हा धडा या मातीने जगाला दिला. जीव राखणे हेही कामच.

परवाच्या लग्नात दाजी पंगतीला बसले. हुग्गी पानात पडलेली पाहिली आणि खिशातले पेन काढून, सदरा जरा वर करून त्यांनी पोटाला टोचले. वाढपी क्षणभर थबकला आणि पुढे सरकला. समोर बसलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोराने तेवढे विचारले, "आजोबा, दुखतं का हो?"

"मुंगी चावल्यागत," दाजी म्हणाले, आणि त्यांनी भाताला हात घातला.