सुई टोचली म्हणजे काम संपलं नाही
(घोड्यांच्या एका नव्या लसीची हकिगत)



गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले की आपण जनावर धरतो, सुई टोचली की सोडून देतो. झालं काम, असं आपल्याला वाटतं. पण लस नवी असेल तर डॉक्टरांची जबाबदारी सुईच्या आधी सुरू होते आणि सुईनंतरही चालू राहते. ती कशी, हे ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांच्या एका लसीवरून चांगलं समजतं.

रोग आला कुठून?

सप्टेंबर १९९४ मधली गोष्ट. ब्रिस्बेन शहरात हेन्ड्रा नावाच्या भागात शर्यतीच्या घोड्यांची पागा होती. तिथे एक गाभण घोडी आजारी म्हणून आणली. ती दोन दिवसांत मेली. मागोमाग पागेतल्या इतर घोड्यांना ताप, धाप लागली, नाकातून फेस येऊ लागला. डझनावर घोडे गेले. आजारी घोडीची देखभाल करणारा पागेचा प्रमुखही दगावला. या नव्या विषाणूला त्या भागाचंच नाव पडलं.

पुढे १९९६ मध्ये उलगडा झाला. हा विषाणू फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या अंगात असतो. त्यांना त्याचा त्रास होत नाही, पण त्यांच्यापासून घोड्याला आणि आजारी घोड्यापासून माणसाला लागण होते. २००९ पर्यंत सात माणसांना हा रोग झाला, त्यातली चार मेली. त्यांत दोघे घोड्यांचे डॉक्टर होते, एक २००८ मध्ये गेला, दुसरा २००९ मध्ये. २०११ मध्ये तर एका वर्षात १८ ठिकाणी रोग उठला.

लस आली, जबाबदारी वाढली

१ नोव्हेंबर २०१२ रोजी घोड्यांसाठी लस निघाली. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाचाच अंश आहे. त्यामुळे लसीतून रोग होत नाही. सरकारने आधी मर्यादित परवाना दिला. पूर्ण नोंदणी २०१५ मध्ये झाली. या परवान्याच्या काळात डॉक्टरांवर ही कामं सोपवली होती :

१. लस मालकाच्या हातात द्यायची नाही. त्यासाठी शिकून मान्यता घेतलेल्या डॉक्टरनेच ती टोचायची.

२. घोड्याची ओळख पक्की करायची. मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली असते, तिचा नंबर तपासायचा.

३. नंबर, तारीख आणि डोस यांची देशाच्या नोंदवहीत नोंद करायची.

४. पहिले दोन डोस तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने, मग सहा महिन्यांनी पुन्हा एक, हे मालकाला बजावून सांगायचं.

५. सूज, ताप, अंग आखडणं असं काही झालं तर ते दडवायचं नाही, वर कळवायचं.

तरीही वाद झाला. लसीने घोड्याला त्रास झाला, अशी काही मालकांची तक्रार होती. उलट, जिवाच्या भीतीने काही डॉक्टर लस न टोचलेला घोडा तपासायलाच तयार होईनात. दोघांचंही आपापल्या परीने खरं होतं. अखेर २०१६ मध्ये क्वीन्सलँड राज्याच्या विधिमंडळ समितीने या लसीची आणि डॉक्टरांनी ती कशी वापरली याची चौकशी केली. अशा वेळी तोंडी सांगणं कामाला येत नाही. कोणत्या घोड्याला, कधी, कितवा डोस दिला आणि पुढे काय झालं, हे लिहिलेलं असेल तरच खरं-खोटं ठरतं.

आपण काय करावं?

हेन्ड्रा रोग आपल्याकडे आढळलेला नाही. पण दावणीच्या गाई-म्हशीला, मेंढपाळाच्या तट्टाला किंवा टांग्याच्या घोड्याला कोणतीही लस देताना हेच नियम लागू पडतात.

• आजारी किंवा थकलेलं जनावर लसीला पुढे करू नका. गाभण असेल तर आधी सांगा.

• लस बर्फाच्या पेटीतून काढली का, ते पाहा.

• लसीचं नाव, तारीख आणि गाई-म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत उतरवून घ्या.

• पुढच्या डोसची तारीख विचारा आणि ती चुकवू नका.

• लसीनंतर जनावर सुस्त झालं, सूज आली, तर दवाखान्यात कळवा. "लसच वाईट" म्हणून घरी बसू नका.

डॉक्टरांनी सांगायचं, आपण विचारायचं आणि दोघांनी लिहून ठेवायचं. नव्या लसीवरचा भरवसा असाच बसतो.