एका अर्बुदाची नावे

अर्भकाच्या वरच्या जबड्यात, क्वचित कवटीच्या हाडात, निळसर-काळी गाठ उद्भवते व काही आठवड्यांतच झपाट्याने वाढते. मूल बहुधा वर्षाच्या आतले असते. विकार अत्यंत विरळा. परंतु त्याच्या नामकरणाचा इतिहास पारिभाषिक संज्ञांच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा असा आहे.

१९१८ साली क्रॉम्पेखर याने या गाठीचे वर्णन करून तिला जन्मजात 'मेलॅनोकार्सिनोमा' म्हटले. काळे रंगद्रव्य दिसताच घातक कर्करोगाची शंका यावी, हे स्वाभाविकच होते. परंतु वैद्यकीय संज्ञा केवळ ओळख सांगत नाही, ती भविष्यही वर्तविते. आणि तान्ह्या मुलाचा जबडा किती कापावा, हा निर्णय त्या भविष्यावर अवलंबून असतो.

जबड्यात दातांचे अंकुर असतात, म्हणून कित्येकांनी ती दंतोद्भव मानून 'मेलॅनोटिक अ‍ॅडमँटिनोमा' हे नाव वापरले. १९४७ मध्ये हालपर्ट व पॅट्झर यांना तिचे मूळ दृष्टिपटलाच्या गर्भावस्थेतील अंकुरात दिसले. १९५१ मध्ये क्लार्क व पार्सन्स यांनी कवटीतील गाठीचाही तसाच अर्थ लावला. मात्र पुढे अशी गाठ एपिडिडिमिसमध्येही आढळली. तेथे दात कोठला आणि दृष्टिपटल कोठले! १९५७ मध्ये स्टोवेन्सने 'प्रोगोनोमा' ही संज्ञा योजिली. ग्रीक 'प्रोगोनोस' म्हणजे पूर्वज. शब्द भारदस्त खरा, पण त्याने उकल काहीच होत नाही.

उकल झाली ती मूत्रपरीक्षेतून. १९६६ मध्ये बोरेल्लो व गॉर्लिन यांना अशा एका अर्भकाच्या मूत्रात व्हॅनिलमँडेलिक आम्ल अधिक प्रमाणात आढळले. गाठ काढल्यावर ते पूर्ववत झाले. चेतासंस्थेशी नाते असणाऱ्या अर्बुदांत हे आम्ल वाढते. त्यावरून न्यूरल क्रेस्ट या भ्रूणावस्थेतील पेशीसमूहाकडे बोट दाखवून त्यांनी 'अर्भकावस्थेतील मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल अर्बुद' हे नाव सुचविले, आणि तेच रूढ झाले. प्रत्येक रुग्णात मात्र हे आम्ल वाढलेले नसते.

आज सीटी व एमआरआय यांनी गाठीचा विस्तार कळतो, तरी अंतिम निदान ऊतीच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षेनेच होते: रंगद्रव्ययुक्त मोठ्या पेशी आणि चेतापेशींच्या पूर्वरूपांसारख्या लहान पेशी, अशी दुहेरी रचना दिसते. उपचार मुख्यतः शस्त्रक्रियेचा. बहुतेक गाठी सौम्य असतात. पण काही पुन्हा उद्भवतात, त्याही बहुधा पहिल्या काही महिन्यांत, आणि मोजक्या शरीरात अन्यत्र पसरतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही मुलाची वारंवार तपासणी करावी लागते.