पोपपदाचा त्याग : संमती, घोषणा आणि स्वीकार

११ फेब्रुवारी २०१३ रोजी व्हॅटिकनमध्ये कार्डिनलांची एक औपचारिक सभा भरली होती. ओत्रांतो येथील हुतात्म्यांना संतपद देण्याचा विषय तीपुढे होता. तो आटोपल्यावर ८५ वर्षांचे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी लॅटिन भाषेत एक लहानसे निवेदन वाचले. वार्धक्यामुळे आपली शक्ती पोपपदाचे कार्य पार पाडण्यास पुरेशी राहिलेली नाही, म्हणून आपण त्या कार्याचा त्याग करीत आहोत. २८ फेब्रुवारीस रात्री आठ वाजल्यापासून संत पीटरचे आसन रिकामे होईल आणि नव्या पोपच्या निवडीसाठी कॉन्क्लेव्ह बोलवावे लागेल, असा त्याचा आशय होता. 'आन्सा' या इटालियन वृत्तसंस्थेच्या वार्ताहर जोव्हान्ना किर्री यांना लॅटिन अवगत असल्यामुळे ही वार्ता प्रथम त्यांनी जगाला कळविली. कार्डिनल-मंडळाचे अधिष्ठाते आंजेलो सोदानो यांनी निरभ्र आकाशातून कोसळलेल्या विजेची उपमा तिला दिली.

ही उपमा अतिशयोक्तीची नव्हती. यापूर्वी पोपने पद सोडल्याचे शेवटचे उदाहरण इ. स. १४१५ मधील होते, आणि चर्चमधील फूट मिटविण्याची निकड नसताना पद सोडल्याचे सुप्रसिद्ध उदाहरण त्याहूनही जुने, इ. स. १२९४ मधील होते. १२९४ मध्ये कॅथलिक समाजापुढे जो प्रश्न उभा राहिला तोच २०१३ मध्येही पुन्हा उभा राहिला. ज्याच्यावर पृथ्वीतलावर कोणी वरिष्ठ नाही अशा पुरुषाने पद सोडले तर ते कोणाच्या हाती सोडले, आणि ते खरोखर सुटले हे कोणी ठरवावयाचे? त्याग वैध नसेल तर आसन रिकामे होत नाही, आणि आसन रिकामे झाले नसेल तर पुढील निवडणूक व्यर्थ ठरते. म्हणून पोपच्या पदत्यागावरील प्रतिक्रियांचा इतिहास हा वस्तुतः उत्तराधिकाराच्या वैधतेविषयी वाटणाऱ्या चिंतेचा इतिहास होय.

मराठीत अशा घटनेस 'राजीनामा' हा शब्द सहज योजला जातो. व्यवहारात राजीनामा कोणापुढे तरी सादर करावयाचा असतो व वरिष्ठाने तो मंजूर करावयाचा असतो. मंजुरीवाचून तो अपुराच राहतो. शब्दाच्या घटकांचा मूळ अर्थ मात्र निराळा आहे. 'राजी' म्हणजे संतुष्ट, कबूल, आणि 'नामा' म्हणजे लेख. अर्थात राजीनामा हा मुळात संमतीचा लेख होय. चर्चच्या कायद्यातील लॅटिन शब्द 'रेनुंतियातियो' याच्या मुळाशी 'नुंतियुस' म्हणजे निरोप्या हा शब्द असून, कळविणे, जाहीर करणे हा त्या धातूचा जुना अर्थ आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ३३२ व्या कलमाने पोपच्या पदत्यागास दोनच अटी घातल्या आहेत : तो स्वेच्छेने केलेला असावा, आणि तो रीतसर प्रकट केलेला असावा. कोणी त्याचा स्वीकार करण्याची आवश्यकता नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. पहिली अट मराठी शब्दाच्या मूळ अर्थात आहे, दुसरी लॅटिन शब्दाच्या मूळ अर्थात आहे. मराठी व्यवहारात जी मंजुरी अपरिहार्य मानली जाते तिला मात्र येथे स्थान नाही. ही साधी दिसणारी व्यवस्था मोठ्या कलहातून निष्पन्न झालेली आहे.

एप्रिल १२९२ मध्ये चौथे निकोलस मरण पावल्यानंतर कार्डिनलांचे दोन वर्षांहून अधिक काळ एकमत होईना. अखेर ५ जुलै १२९४ रोजी पेरूजा येथे त्यांनी पिएत्रो दा मोरोने या वृद्ध, विरक्त तपस्व्याची निवड केली. ऑगस्टमध्ये लाक्विला येथे त्याचा अभिषेक होऊन तो पाचवा सेलेस्टीन झाला. गुहेत आयुष्य घालविलेल्या या पुरुषास राज्यकारभार झेपला नाही. नेपल्सचा राजा दुसरा चार्ल्स याच्या छायेखाली तो नेपल्समध्ये राहिला आणि १३ डिसेंबर १२९४ रोजी कार्डिनलांसमोर त्याने पदत्याग केला. नम्रता, देहाची दुर्बलता, ज्ञानाचा अभाव आणि पूर्वीच्या शांत जीवनाची ओढ अशी कारणे त्याने सांगितली. अकरा दिवसांनी, २४ डिसेंबरला, बेनेदेत्तो कायतानी हे आठवे बॉनिफेस या नावाने निवडून आले.

बॉनिफेस यांनी सेलेस्टीनने दिलेल्या अनेक सवलती रद्द केल्या. फ्रान्सिस्कन संघातील कडव्या दारिद्र्यव्रती पंथाला सेलेस्टीनने आश्रय दिला होता, तोही संपला. या पंथीयांपैकी अनेकांच्या दृष्टीने सेलेस्टीन हाच खरा पोप राहिला. १२९७ मध्ये याकोपो व पिएत्रो कोलोन्ना या दोन कार्डिनलांनी लोंगेत्सा येथे एक जाहीरनामा काढून सेलेस्टीनचा त्याग व म्हणून बॉनिफेस यांची निवड अवैध असल्याचे घोषित केले. कवी याकोपोने दा तोदी हा त्याचा एक साक्षीदार होता. पोपपद ईश्वराने दिलेले असते, म्हणून ते ईश्वरावाचून कोणी काढून घेऊ शकत नाही, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. या दोघा कार्डिनलांनी स्वतः १२९४ च्या निवडणुकीत भाग घेतला होता, आणि त्यांच्या घराण्याचे बॉनिफेस यांच्याशी उघड वैर जुंपल्यावरच हा आक्षेप पुढे आला, हे विसरून चालणार नाही. तथापि वैरामुळे आक्षेप सुचला म्हणून तो पोकळ ठरत नाही. त्यास उत्तर देणे भागच होते.

उत्तर दोन बाजूंनी आले. दारिद्र्यव्रती पंथाचाच विचारवंत पीटर जॉन ओलिव्ही याने १२९५ मध्येच एका पत्राद्वारे आपल्या बांधवांस बजावले की, पोप पदत्याग करू शकतो व बॉनिफेस हे वैध पोप आहेत. स्वपंथाचे हित विरुद्ध दिशेस असताना त्याने हे लिहिले, म्हणून त्याच्या मताचे मोल अधिक आहे. दुसरे उत्तर एजिदियुस रोमानुस याने १२९७ मध्ये या विषयावरील स्वतंत्र ग्रंथात दिले. पोपपदाची सत्ता ईश्वरदत्त असली तरी ती अमुक एका व्यक्तीच्या ठायी येते ती निवडणाऱ्यांच्या व निवडलेल्याच्या संमतीने. जे संमतीने जुळते ते संमतीनेच सुटू शकते, असे त्याचे प्रतिपादन होते. पद आणि पदस्थ यांतील हा भेद पुढील सर्व विचाराचा पाया ठरला. १२९८ मध्ये बॉनिफेस यांनी धर्मविधीच्या सहाव्या ग्रंथात पोपच्या त्यागाची वैधता कायमची नोंदवून टाकली.

कायदा ठरला, पण मने निवळली नाहीत. भूतपूर्व पोपभोवती विरोधक गोळा होतील या भयाने बॉनिफेस यांनी त्यास ताब्यात घेण्याचे ठरविले. वृद्ध तपस्वी निसटला, समुद्रापार जाण्याच्या प्रयत्नात पकडला गेला, आणि फुमोने येथील गढीत बंदिवासात १९ मे १२९६ रोजी मरण पावला. पुढे बॉनिफेस यांचा कट्टर शत्रू, फ्रान्सचा राजा चौथा फिलिप, याच्या आग्रहावरून पाचव्या क्लेमेंट यांनी १३१३ मध्ये त्यास संतपद दिले. पण हुतात्मा म्हणून दिले नाही, आणि सेलेस्टीन या नावानेही दिले नाही, तर पीटर या मूळ नावाने दिले. मृत्युसमयी तो पोप नव्हता, हे त्या नावातच गृहीत धरलेले आहे. याउलट दान्तेने नरकाच्या उंबरठ्यावर, भ्याडपणाने त्याग केलेली एक अनामिक छाया उभी केली, आणि अनेक टीकाकारांनी तीत सेलेस्टीनलाच ओळखले. एकाच कृतीस एका पिढीने नम्रता म्हटले आणि भित्रेपणाही म्हटले.

१४१५ चा प्रसंग याहून वेगळ्या स्वरूपाचा होता. त्या वेळी तिघे जण स्वतःस पोप म्हणवीत होते. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेस आपल्या नावाने पुन्हा आमंत्रण दिल्यावर बारावे ग्रेगरी यांनी ४ जुलै रोजी कार्लो मालातेस्ता या प्रतिनिधीमार्फत पदत्याग केला. उरलेल्या दोघांना परिषदेने पदच्युत केले. नोव्हेंबर १४१७ मध्ये पाचवे मार्टिन निवडून येईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. येथे त्याग हाच तडजोडीचा भाग होता, म्हणून त्याविषयी खंत फारशी उरली नाही.

पुढे सहा शतके हा विषय कायद्याच्या पुस्तकात राहिला. १९१७ च्या संहितेने स्वीकाराची आवश्यकता नाही एवढेच सांगितले होते. स्वेच्छा व रीतसर प्रकटन या दोन अटी १९८३ मध्ये शब्दांत आल्या. सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये फुमोनेस भेट दिली तेव्हा ते पद सोडणार की काय, अशी चर्चा सुरू झाली. बेनेडिक्ट यांनी स्वतः २००९ च्या भूकंपानंतर लाक्विला येथे सेलेस्टीनच्या अवशेषांवर आपले पालियुम, म्हणजे अधिकारदर्शक लोकरी पट्टा, वाहिला होता. पोपला शरीराने वा मनाने कार्य झेपेनासे झाले तर पद सोडण्याचा त्यास अधिकार, आणि प्रसंगी कर्तव्यही, असते, असे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सांगितलेही होते.

तरीही २०१३ मध्ये कॅथलिक समाजाचे मन दुभंगलेले दिसले. एका बाजूस या कृतीतील निःस्पृहतेविषयी आदर होता. दुसऱ्या बाजूस अस्वस्थता होती : पिता वृद्ध झाला म्हणून पितृत्वातून निवृत्त होतो काय? दुसऱ्या जॉन पॉल यांचे दीर्घकाळचे सचिव, क्राकोचे कार्डिनल स्तानिस्वाव्ह जीविश, यांनी जॉन पॉल क्रूसावरून उतरले नाहीत याची आठवण करून दिली. तीत अनेकांना टीकेचा सूर ऐकू आला. २७ फेब्रुवारीच्या अखेरच्या जाहीर भेटीत बेनेडिक्ट यांनी, आपण क्रूस टाकून जात नसून त्याच्याजवळ निराळ्या रीतीने राहत आहोत, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी कार्डिनलांचा निरोप घेताना, त्यांच्यातून जो कोणी पुढचा पोप होईल त्याला बिनशर्त आज्ञापालनाचे वचन त्यांनी आधीच देऊन टाकले.

उत्तराधिकाराची नेहमीची वाटही या वेळी बदलली. पोपच्या मृत्यूनंतर शोकाचे नऊ दिवस असतात. या वेळी शोक करण्यास मृत्यूच नव्हता. सर्व मतदार कार्डिनल जमल्यास पंधरा दिवसांची प्रतीक्षा आवरती घेता यावी अशी तरतूद बेनेडिक्ट यांनी २२ फेब्रुवारीस केली. १२ मार्च रोजी ११५ मतदार कॉन्क्लेव्हमध्ये गेले. त्यांत भारताचे पाच कार्डिनल होते. मुंबईचे आर्चबिशप ऑस्वल्ड ग्रेशियस आणि त्यांच्या पूर्वी तेच पद भूषविलेले आयव्हन डायस हे त्यांपैकी दोघे होत. दुसऱ्या दिवशी पाचव्या मतदानात फ्रान्सिस निवडून आले.

यानंतरचा वाद शब्दांवरून उद्भवला. बेनेडिक्ट यांना 'निवृत्त पोप' ही नवी पदवी मिळाली व पांढरा झगाही राहिला. कायद्याच्या कलमात 'म्युनुस' म्हणजे पद, कार्यभार याचा त्याग सांगितला आहे. बेनेडिक्ट यांच्या निवेदनात 'मिनिस्तेरियुम' म्हणजे सेवा याचा त्याग आहे. यावरून त्यांनी केवळ काम सोडले, पद सोडलेच नाही, असा निष्कर्ष काही जणांनी काढला. भाषादृष्ट्या तो टिकत नाही. दोन शब्दांचा विरोध एकाकी उचलून अर्थ ठरत नसतो, तो संपूर्ण विधानातून ठरतो. त्याच निवेदनात 'म्युनुस' हाही शब्द पोपच्या कार्यासाठी आला आहे, आणि संत पीटरचे आसन रिकामे होईल व नव्या पोपची निवड करावी लागेल, हे तेथे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. पद राखून आसन रिकामे करता येत नाही. २०१४ मध्ये एका इटालियन पत्रकारास लिहिलेल्या पत्रात खुद्द बेनेडिक्ट यांनीही आपल्या त्यागाच्या वैधतेविषयी तिळमात्र शंका नसल्याचे व तीविषयीचे तर्क हास्यास्पद असल्याचे स्पष्ट केले. तरी शंका घेणारे उरलेच. कारण कोलोन्ना कार्डिनलांप्रमाणे त्यांनाही खरा असंतोष उत्तराधिकाऱ्याच्या धोरणाविषयी होता, आणि त्या असंतोषाला पूर्वसूरीच्या त्यागात आधार सापडत होता.

सेलेस्टीनला उत्तराधिकाऱ्याने गढीत कोंडले. बेनेडिक्ट यांनी व्हॅटिकनच्या उद्यानातील मठात जवळजवळ दहा वर्षे काढली, आणि ३१ डिसेंबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाल्यावर उत्तराधिकाऱ्याच्याच अध्यक्षतेखाली त्यांचा अंत्यविधी झाला. फ्रान्सिस यांनी, आपण २०१३ मध्येच आजारपणाने असमर्थ झाल्यास लागू व्हावे असे त्यागपत्र लिहून ठेवल्याचे सांगितले होते. पण ते पदावर असतानाच २१ एप्रिल २०२५ रोजी मरण पावले आणि ८ मे रोजी चौदावे लिओ जुन्या वहिवाटीने निवडले गेले. पदत्याग ही रूढी झाली असे म्हणता येणार नाही. त्यागाच्या वैधतेस कोणाची मंजुरी लागत नाही, हा नियम दोन्ही वेळी टिकला. मात्र कायद्याने वर्ज्य केलेली मंजुरी समाज आपल्या परीने देतो वा रोखून धरतो, आणि तो राजी होईपर्यंत उत्तराधिकाऱ्यास स्वस्थता लाभत नाही, हेही दोन्ही वेळी दिसून आले.