खोटं वेखंड कोणतं?

महाड-पोलादपूरकडं ज्यांचं बालपण गेलं, त्यांना बाळगुटी आठवत नसेल, पण सहाणेवर उगाळलेल्या वेखंडाचा वास नक्की आठवेल. आजची गोष्ट त्याच्या एका तोतयाची.

१७५३ साली स्वीडनच्या लिनियसनं युरोपातल्या पाणथळीत वाढणाऱ्या पिवळ्या आयरिसला नाव दिलं 'आयरिस स्यूडॅकोरस', म्हणजे खोटं अकोरस. अकोरस म्हणजे आपलं वेखंड. पानं दोघांचीही तलवारीसारखी, म्हणून. आता गंमत बघा. ही आयरिस तिथलीच, मूळची. वेखंड मात्र आशियातून गेलेलं, १६व्या शतकात क्लुसियसनं व्हिएन्नात लावलेलं. पाहुणा खरा ठरला आणि घरचा खोटा!

पुढे ही आयरिस बागेची शोभा म्हणून अमेरिकेत गेली, तळ्यांच्या काठानं पसरली. वॉशिंग्टन, ओरेगॉन राज्यांत ती आज उपद्रवी तण आहे.

आपल्याकडं सावित्रीकाठी किंवा कुणाच्या हौसेच्या तळ्यात असं पान दिसलं तर? मोठं पिवळं फूल आलं तर आयरिस. बाजूनं तिरकं, बोटाएवढं कणीस निघालं तर वेखंड. फुलं नसतील तर पान चुरगाळा. वेखंड लगेच घमघमतं, आयरिसला तो वास नाही. शिवाय वेखंडाच्या पानाची मधली शीर जरा एका बाजूला सरकलेली असते.

चव मात्र घेऊ नका. आयरिसच्या कंदानं उलट्या-जुलाब होतात. आणि खऱ्या वेखंडावरही अमेरिकेनं १९६८ साली खाद्यपदार्थांत बंदी घातलीय, त्यातल्या ॲसारोनमुळे. हे आजीला सांगताना जरा जपून!