मिशन, विवाह आणि माहेरी पाठवलेल्या चौघी

आफ्रिकेतील ख्रिस्ती मिशनांच्या कार्याविषयी एक दावा नेहमी केला जातो : मिशनऱ्यांनी तेथील विवाहसंस्था बळकट केली, कुटुंब सावरले. हा दावा सरसकट खोटा नाही. पण कुटुंब कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हे विचारल्याशिवाय तो मान्य करता येत नाही. धर्मांतराचा विचार आपण मुक्तीच्या अंगाने करतो. पुरुष धर्म बदलतो तेव्हा त्याच्या घरातल्या बाईचे काय होते, हा प्रश्न त्या विचारातून वगळता येणार नाही.

सेचेले हा आजच्या बोट्स्वानातील क्वेना लोकांचा प्रमुख. डेव्हिड लिव्हिंग्स्टन त्याच्याकडे लंडन मिशनरी सोसायटीतर्फे राहिला. सेचेलेने मुळाक्षरे पहिल्याच दिवशी शिकून घेतली, बायबल वाचले, आणि बाप्तिस्मा मागितला. अडचण एकच होती. त्याला पाच बायका होत्या.

या बायका म्हणजे त्याच्या चैनीची खूण नव्हती. बापाच्या खुनानंतर सेचेलेने गमावलेली सत्ता परत मिळवली. त्या पडत्या काळात जे हाताखालचे सरदार त्याच्या पाठीशी उभे राहिले, त्यांच्या या लेकी होत्या. त्या लग्नांत उपकाराची फेड होती, राजकारणही होते. शिवाय वराकडून वधूच्या घरी जाणारी गुरे, ज्याला तिकडे बोगादी म्हणतात, त्यांवर मुले कोणत्या कुळाची हे ठरे. ही चाल म्हणजे बाईची खरेदी, असे अनेक मिशनऱ्यांनी म्हटले. आपल्याकडील अनेक जातींत देज देण्याची चाल होती. तिलाही वरच्या जातींनी मुलगी विकणे म्हणून नाक मुरडले आणि स्वतः हुंडे मोजून घेतले. म्हणून हा शब्द जपूनच वापरावा.

लिव्हिंग्स्टनने स्वतःच नोंदवलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. या ‘जास्तीच्या’ बायका मिशनच्या शाळेत सर्वांत ग्रहणशील विद्यार्थिनी होत्या. त्यामुळे सेचेलेने त्यांना सोडून बाप्तिस्म्याची घाई करावी, असे त्यालाही वाटत नव्हते. उलट जी पट्टराणी राहणार होती ती नव्या शिकवणीला दाद देत नव्हती. नियमाने शिकणाऱ्या बायकांना घराबाहेर काढले आणि न शिकणारीला घरात ठेवले.

१८४८ साली सेचेलेने बाप्तिस्मा घेतला. चौघींना नवे कपडे दिले, आणि यांच्यात काही दोष नाही, मी देवाची इच्छा पाळतो आहे, असा निरोप देऊन त्यांना माहेरी पाठवले. दोष नसलेल्या बाईला टाकण्याचे हे धार्मिक कारण! परिणाम व्हायचा तोच झाला. त्यांचे सारे आप्त नव्या धर्माचे विरोधक बनले. पुढे त्या चौघींपैकी एक सेचेलेपासून गरोदर असल्याचे कळले तेव्हा लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजनापासून दूर केले. त्या बाईचा न्याय कोणी करायचा, याची चर्चा झालेली दिसत नाही. लिव्हिंग्स्टन निघून गेल्यावरही सेचेले आपल्या लोकांना बायबल वाचून दाखवत, उपदेश करत राहिला, १८९२ मध्ये मरेपर्यंत. आणि लिव्हिंग्स्टनचे स्वतःचे कुटुंब? १८५२ साली बायकोमुलांना विलायतेला पाठवून तो पायपिटीला निघाला. १८६२ मध्ये मेरी त्याच्याकडे परतून झांबेझीकाठी तापाने गेली.

या नियमाला चर्चमधूनच एकाने आव्हान दिले. नाताळचा बिशप जॉन कोलेन्सो याने १८५५ साली असे मांडले की, आधीच झालेली लग्ने मोडायला लावणे म्हणजे चर्चने स्वतः घटस्फोट घडवणे होय. टाकलेल्या बाईने आणि तिच्या मुलांनी जायचे कुठे? त्याचे ऐकले गेले नाही. १८८८ च्या लँबेथ परिषदेत अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये, असा ठराव ८३ विरुद्ध २१ मतांनी मंजूर झाला. बायकांना मात्र काही प्रसंगी तो देता येईल, अशी सवलत ठेवली.

पण जिथे घरच उरले नव्हते, तिथे मिशनचे काम निराळे दिसते. गुलामाला लग्न असले तरी हक्काचे नसते; मालक नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे विकू शकतो. पूर्व किनाऱ्यावर बागामोयो येथे फ्रेंच कॅथलिक पाद्री १८६८ पासून गुलाम मुले विकत घेऊन वाढवत, पुढे त्यांची लग्ने लावून झोपडी आणि जमीन देत. यात हुकूम होता, पहाराही होता. तरी ज्याचे कूळ तुटले, गाव हरवले, त्याला आपली म्हणता येईल अशी बायको आणि चूल मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे.

या कामाचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. अरबी समुद्रात इंग्रज जहाजांनी सोडवलेली आफ्रिकी मुले नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांझिबारला गेले, सुलतानाशी गुलामांचा व्यापार थांबवण्याचा करार झाला, आणि सुटलेल्यांसाठी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसले. ते वसवणारा विल्यम प्राइस हा शरणपूरचाच मिशनरी. तिथे शिक्षक, कारागीर म्हणून उभे राहिलेले अनेकजण शरणपुरात शिकलेले होते. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ साली धर्मोपदेशकाची दीक्षाही मिळाली. इंग्रजांच्या वसाहतीत लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

पुढे दक्षिण आफ्रिकेत कुटुंब मोडले ते बहुपत्नीकत्वाने नव्हे. झोपडीपट्टी भरण्यासाठी (इथे पट्टी म्हणजे कर) रोख पैसा हवा, पैशासाठी खाण, आणि खाणीच्या कोंडवाड्यात नवरा एकटा. बाई गावी किंवा गोऱ्याच्या घरी मोलकरीण. एकपत्नीव्रताचे प्रवचन देणाऱ्या चर्चांपैकी फारच थोड्यांनी या व्यवस्थेला पाप म्हटले. तेव्हा बायकांनीच आपली प्रार्थनामंडळे उभारली. त्यांना मान्यानो म्हणतात, म्हणजे एकजूट. मोलकरणींच्या सुटीचा वार गुरुवार, म्हणून सभा गुरुवारी. मेथडिस्ट बायकांचा लाल ब्लाउज आणि पांढरी कॉलर ओळखीची झाली. लेकीबाळींना वळण कसे लावायचे, दारूबाज नवऱ्याशी कसे निभवायचे, हे तिथे मोठ्याने रडून, एकमेकींना साक्षी ठेवून बोलले जाई. कुटुंब सावरण्याचे श्रेय मिशनला द्यायचेच तर ते आधी या बायकांच्या नावे लिहावे लागेल.

१८८८ चा ठराव शंभर वर्षे टिकला. १९८८ च्या लँबेथ परिषदेत, केनियाचे बिशप डेव्हिड गितारी यांच्या पुढाकाराने, नवा ठराव आला : अशा पुरुषाला त्याच्या श्रद्धावान बायकामुलांसह बाप्तिस्मा मिळावा, त्याने पुढे आणखी लग्न करू नये, आणि सोडलेल्या बायकांची समाजात जी परवड होते ती पाहता त्यांना सोडण्याची सक्ती त्याच्यावर करू नये. स्थानिक मंडळीची संमती मात्र आवश्यक ठरवली. त्या बायकांची संमती घ्यावी, असे ठरावात कुठे म्हटलेले नाही.