मुकादमाविना बांधकाम

वाळवीच्या वारुळाला ना वास्तुविशारद असतो, ना मुकादम. मग हजारो कीटकांचे श्रम एकाच रचनेत कसे गुंफले जातात?

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये उत्तर मांडले: एकीने ठेवलेला मातीचा गोळाच दुसरीला पुढील कामास प्रवृत्त करतो. 'खूण' आणि 'कार्य' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी या तत्त्वाला 'स्टिगमर्जी' म्हटले.

२०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील जस्टिन वर्फेल, कर्स्टिन पीटरसन आणि राधिका नागपाल यांनी हेच तत्त्व 'टर्मिस' यंत्रमानवांत उतरवले. एकमेकांशी संवाद न साधता, रचलेल्या विटांवरून पुढची जागा ओळखत त्यांनी बांधकाम केले. त्यांच्यात नायक नसल्याने एखादा यंत्रमानव कमी झाला, तरी उरलेले काम पुढे नेऊ शकतात.

भेद एवढाच: वारुळाला आराखडा नसतो, यंत्रमानवांचे नियम मात्र माणसाने ठरवलेल्या आराखड्यातूनच निघतात.