चार आण्याचे पंचवीस पैसे

नातवंडं मोबाइल झटक्यात शिकतात आणि आम्ही म्हातारे अडखळतो, ह्याचं फार नवल करू नये. आमच्या तिवशात हा प्रकार पूर्वीही एकदा घडला आहे. तेव्हा आम्ही नातवंडांच्या बाजूला होतो.

१ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. आता एकदम रुपयाचे शंभर. वऱ्हाडाला तो काळ तसाही हलवणारा होता. पाचच महिन्यांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ ला, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला होता. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर आणि मण जाऊन किलो-क्विंटल आले. राज्य, नाणं, वजन, सगळंच त्या पिढीच्या म्हाताऱ्यांना नव्याने शिकावं लागलं.

आम्ही तेव्हा दुसरीत होतो. शंभरपर्यंत मोजता येत होतं, तेवढं भांडवल पुरलं. आबाजींकडे भांडवल कितीतरी जास्त. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन. आण्यांचा हिशेब त्या पाढ्यांत चपखल बसायचा. शंभराचं तसं नाही. पन्नास, पंचवीस इथवर ठीक, पुढे साडेबारा आणि सव्वासहा. सव्वासहा पैसे कुणी कसे द्यायचे? म्हणून सरकारने तक्ता काढला. एका आण्याचे ६ नवे पैसे, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५.

आम्ही तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. आबाजींनी विचारलं, “एका आण्याचे सहा, तं चार आण्याचे चोवीस व्हाले पायजे. हा एक पैसा कुठून आला बे?”

आम्ही हसलो होतो. खरं तर त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. आण्याआण्याची वस्तू चारदा घेतली तर चोवीस पैसे, चार आण्यांची एकदम घेतली तर पंचवीस! आम्ही तक्ता पाठ केला होता, त्यांनी तो तपासला होता. तपासायला वेळ लागतो, आणि त्या वेळालाच घरातली पोरं ‘आबाजींना जमत नाही’ म्हणत होती. पुढे तत्त्वज्ञानाच्या वर्गात लॉकची कोरी पाटी आम्ही वर्षानुवर्षं शिकवली; भरलेल्या पाटीचं काय करायचं, हे कुठल्या विद्यार्थ्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

पण आबाजी शिकले. कसे शिकले, हे बघण्यासारखं आहे. जुनी नाणी एका रात्रीत बाद झाली नव्हती. काही वर्षं दोन्ही सोबत चालली. जुनी पावली सरळ पंचवीस पैशांना, अधेली पन्नासला. नव्या नाण्यावर ‘नये पैसे’ असं लिहिलेलं असे, ते ‘नये’ १९६४ साली गेलं. दुकानदार ओळखीचा. चूक झाली तर एका पैशाची, आणि ती उद्या दुरुस्त होणारी.

आजच्या म्हाताऱ्याची चूक एका पैशाची नाही. ओटीपी सांगितला की जन्माची पुंजी जाते, आणि घाई करणारा आवाज कुठला हेही कळत नाही. बोट थरथरतं ते ह्या धाकाने. नातवाच्या खात्यात काहीच नाही. तो बिनधास्त दाबणारच!

पेन्शनरांसाठी हयातीचा डिजिटल दाखला नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. सोय चांगली, आम्ही स्वतः वापरतो. परंतु राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला ओळखू येत नाही. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तोवर एका काउंटरवर आम्हीही पाच-सहादा बोट पुसून ठेवलं आहे. समोर जिवंत उभं राहून.

सोय झाली, शिकवायचं कुणी? इथे इतिहास फारसा भूषणावह नाही. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम १५ ते ३५ वयाच्या लोकांसाठी होता. १९८८ च्या साक्षरता मिशनचंही लक्ष त्याच वयावर. २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री डिजिटल साक्षरता अभियान आलं, सहा कोटी घरांतून प्रत्येकी एक माणूस, वय १४ ते ६०. ज्या वयात दाखला मागायचा, नेमकं त्या वयाला वर्गाबाहेर ठेवायचं! मनुष्यबळ म्हणून मोजलं की म्हातारा हिशेबात बसत नाही, दुसरं कारण आम्हाला दिसत नाही. २०२२ च्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ च्या पुढे वरची मर्यादा नाही आणि डिजिटल साक्षरताही आहे. उशिरा का होईना, बरं झालं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर ह्या शिक्षकाने ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा काढली. गुलाबी लुगड्यांतल्या साठीपुढच्या आज्या पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. तिथे एकीची चूक झाली की शेजारची हसते, मग तिचीही चूक होते. मोबाइलसाठी असा वर्ग तिवशात का नसावा? आमच्या जवळच गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेला माणसं एकत्र बसवली, वय न विचारता.

आम्ही स्वतः नातीकडून शिकलो. अट एकच घातली, फोन आमच्याच हातात राहील. पहिल्यांदा तिच्या बापाला एक रुपया पाठवला. दुसऱ्यांदाही एकच. आठवडाभर तो बिचारा रोज एकेक रुपया घेत होता.

असो. प्रश्न घेऊ या. माइक आधी मागच्या रांगेकडे द्या, तिथली मंडळी आमच्याच वयाची दिसतात.